निघोज्यात निघोजेकर नाही

पुणे-नाशिक रस्त्याने मोशीच्या पुढे इंद्रायणी ओलांडली, की डाव्या हाताला आत आमचे निघोजे लागते. तालुका खेड, जिल्हा पुणे. हे मुद्दाम सांगावे लागते, कारण पारनेर तालुक्यात कुकडीच्या काठी निघोज नावाचे दुसरे गाव आहे आणि तेथील रांजणखळग्यांमुळे त्याचे नाव आमच्यापेक्षा पुष्कळ मोठे झाले आहे. माझ्या नोकरीच्या काळात मला आलेली दोन-चार पत्रे तिकडे जाऊन, कुकडीचे पाणी पिऊन मग इंद्रायणीला आली. आता पत्रे येत नाहीत, त्यामुळे तो घोटाळाही मिटला. त्याच्या जागी नवा आला आहे. कारखान्यांच्या इंग्रजी पाट्यांवर आमचे गाव कधी निघोजे असते, तर कधी त्यातला 'ह' गळून निगोजे होते.

मी या पंचक्रोशीत तीस वर्षे मुलांना शिकवले. दर जूनमध्ये दाखलखारीज रजिस्टर पुढे ओढून मुलाचे नाव, बापाचे नाव, आडनाव असे तीन शब्द लिहावयाचे. त्यांतले पहिले दोन आईबाप आनंदाने सांगत. तिसऱ्याला ते अडखळत आणि मला त्याचे नवल वाटे. आपले आडनाव सांगावयास माणसाला विचार का करावा लागावा? पुढे जुने कागद वाचू लागलो तेव्हा कळले, की अडखळणाराच शहाणा. आडनाव ही आपण समजतो तितकी जुनी वस्तू नव्हे, आणि समजतो तितकी स्थिर तर मुळीच नव्हे.

तुम्हांला पुणेकर आडनावाचा मनुष्य पुण्यात शोधावा लागेल, पण सोलापुराकडे वा इंदुरास सहज भेटेल. नागपूरकर नागपुरात फारसे नाहीत. आमच्या निघोज्यात निघोजेकर औषधालाही नाही. कारण उघड आहे. जेथे सगळेच निघोज्याचे, तेथे एकालाच निघोजेकर म्हणून हाक कोण मारणार? 'कर' हा प्रत्यय गाव सोडणाऱ्याला लागतो आणि तो लावतात ते नव्या गावचे लोक. म्हणजे 'कर' लागलेले प्रत्येक आडनाव ही कोणा एका पूर्वजाने गाव सोडल्याची नोंद आहे. त्याने ते दुष्काळाने सोडले, भाऊबंदकीने सोडले की नशीब काढावयास सोडले, एवढेच त्यात लिहिलेले नसते. माझ्याही आडनावाला 'कर' आहे. त्या गावी मी वयाच्या एकसष्टाव्या वर्षी प्रथम गेलो, तर तेथे आमच्या आडनावाचे एकही घर नव्हते आणि कोणाला त्याचे आश्चर्यही वाटले नाही.

आमच्याच तालुक्यातले वाफगाव घ्या. होळकर घराण्याचे मूळ गाव हे. तेथून ते नीरेकाठच्या होळ गावी गेले आणि होळकर झाले. १६९३ साली जन्मलेल्या मल्हाररावांनी ते नाव माळव्यात नेले, इंदुरास त्याची गादी झाली आणि होळ हे लहानसे गाव साऱ्या हिंदुस्थानास ठाऊक झाले. मौज अशी, की पुढे याच घराण्याचे यशवंतराव होळकर १७७६ साली जन्मले ते वाफगावात. तेथील होळकरांचा वाडा आजही उभा आहे. मूळ गावी परत येऊनही आडनाव परत आले नाही; वाफगावात जन्मून ते होळकरच राहिले.

साहेबाच्या देशात याचे जुळे भावंड सापडते. इंग्लंडच्या उत्तरेस जुन्या डरहॅम प्रांतातले वॉशिंग्टन नावाचे गाव आहे. जुन्या इंग्रजीत 'टन' म्हणजे वस्ती अथवा वाडी, आणि पुढला भाग कोणा पुरातन पुरुषाच्या कुळाचा. आमच्या 'अमक्याची वाडी'सारखेच. बाराव्या शतकात विल्यम नावाचा एक जमीनदार हर्टबर्न या गावी राहत असे आणि त्या गावाच्या नावाने ओळखला जाई. त्याने ते गाव देऊन वॉशिंग्टन घेतले आणि गावाबरोबर नावही बदलले. त्याचे वंशज पुढे दक्षिणेकडे सरकले, नॉर्थॅम्प्टनशायरमधील सलग्रेव्ह येथे त्यांनी वाडा बांधला, आणि सतराव्या शतकाच्या मध्यास त्यांतला एक समुद्र ओलांडून व्हर्जिनियात गेला. जॉर्ज वॉशिंग्टन हा त्याचा पणतू. विल्यमने गावांची अदलाबदल केली नसती, तर अमेरिकेच्या राजधानीचे नाव हर्टबर्न पडले असते!

इंग्रजांची आडनावे चार खाणींतून निघालेली आहेत. गावावरून पडलेली, धंद्यावरून पडलेली, बापाच्या नावावरून पडलेली आणि थट्टेने चिकटलेली. स्मिथ म्हणजे लोहार, टेलर म्हणजे शिंपी, जॅक्सन म्हणजे जॅकचा मुलगा. अकराव्या शतकात नॉर्मन आले तेव्हा बहुतेकांना एकच नाव होते. १३७७ ते १३८१ या चार वर्षांत तिथल्या राजाने तीनदा डोईपट्टी बसविली. गावात वीस जॉन असले, तर कोणत्या जॉनकडून पैसे आले आणि कोणत्याने बुडविले, हे कारकुनास कळले पाहिजे. म्हणून कोणी 'जॉन लोहार' झाला, तर कोणी 'जॉन टेकडीवरचा'. आडनावांचे सगळे श्रेय मी त्या कारकुनाला देत नाही, ती त्याच्या आधीपासून पडत होती. पण जीभ आडनाव पाडते आणि कागद ते पक्के करतो, हा क्रम मला पृथ्वीवर सर्वत्र दिसतो. नेपोलियनने १८११ साली डच लोकांना आडनावे नोंदवावयास लावली, जपानात १८७५ साली सर्व प्रजेला ती सक्तीची झाली, तुर्कस्तानात १९३४ साली कायदा झाला. प्रत्येक ठिकाणी एक टेबल, एक वही आणि तिच्यापुढे गोंधळून उभा राहिलेला एक शेतकरी.

आपल्याकडे तो शेतकरी फार काळ गोंधळला नाही, कारण त्याला आडनाव विचारलेच जात नव्हते. जुन्या कागदांत तो पुष्कळदा 'रामा बिन तुका' एवढाच असतो. 'बिन' म्हणजे मुलगा; अरबी शब्द, पण दख्खनच्या दफ्तरांत असा रुळला की कुणब्याच्या कागदावर तो सहज बसे. १८३६ साली इंदापुरापासून साहेबाने नव्या पद्धतीची पैमाश सुरू केली, तरी हे 'बिन' पुढे कितीतरी वर्षे चालू राहिले. आमच्या भागातल्या जमिनी कारखान्यांसाठी संपादित होऊ लागल्या तेव्हा या दोन अक्षरांनी कित्येकांची झोप उडविली. पणजा कागदावर 'बिन', आजोबांपुढे कुळाचे नाव, बापापुढे पाटीलकीचे, आणि स्वतःच्या आधार कार्डावर चौथेच काही. मोबदल्याचा अर्ज घेऊन लोक माझ्याकडे येत, कारण मोडी थोडीफार वाचता येई. 'गुरुजी, हा रामा आमचाच, एवढे लिहून द्या,' म्हणत. रामा त्यांचाच असे. पण ते मी लिहून देऊन भागत नसे.

पाटील, कुलकर्णी, देशमुख, देशपांडे ही तर आडनावेच नव्हत, हुद्दे होत. हुद्दा वंशपरंपरेने चालला म्हणून नावही चालले. नाना फडणवीस हे मूळचे भानू. पेशवे मूळचे श्रीवर्धनचे भट. १९५० च्या कायद्याने कुलकर्णी वतन गेले, १९६२ च्या कायद्याने पाटीलकी गेली; पाटील आणि कुलकर्णी मात्र जेथल्या तेथे आहेत. वतनाच्या कागदाला कसर लागली, पण घराच्या दारावरली पाटी दरवर्षी नवी रंगते.

निघोज्याला मध्यबिंदू धरून भोवताली एक वर्तुळ काढले, तर आडनाव बदलण्याचे बहुतेक प्रकार त्यात सापडतात. दक्षिणेस चिंचवड. तेथील गणेशभक्त मोरया गोसावी यांचे घराणे मूळचे शाळिग्राम. त्यांचे चिरंजीव चिंतामणी यांना तुकोबांनी 'देव' म्हणून संबोधिले आणि तेव्हापासून घराण्याचे आडनाव देव झाले, अशी परंपरा आहे. पश्चिमेला देहू. खुद्द तुकोबांचे कुळ मोरे आणि आडनाव आंबिले. पण महाराष्ट्राला त्यांतले काहीच आठवत नाही, 'तुकोबा' म्हटले की पुरे! ज्याने दुसऱ्याला आडनाव दिले, त्याचे स्वतःचे लोक विसरले. त्यांच्या वंशजांत देहू सोडलेले देहूकर झाले, आणि कुळाच्या नावाने राहिलेले मोरे.

उत्तरेस चाकण. येथे कचेश्वर ब्रह्मे नावाचे सत्पुरुष होऊन गेले. तुकोबांवर निष्ठा, स्वतः कवी, आणि आपली हकीकत पद्यात लिहून ठेवणारे. मराठीत आत्मचरित्रे दुर्मीळ असलेल्या काळातली ही गोष्ट. अवर्षणात त्यांनी पर्जन्यासाठी अनुष्ठान केले आणि पाऊस पडला, अशी कथा सांगतात. शाहू महाराजांनी त्यांना गुरु मानले, आणि चाकणचे ब्रह्मे राजगुरू झाले. पदवीचे आडनाव झाले आणि घराणे खेडास नांदू लागले. त्याच घराण्यात २४ ऑगस्ट १९०८ रोजी शिवराम हरी राजगुरू जन्मले. २३ मार्च १९३१ रोजी लाहोरच्या तुरुंगात भगतसिंग आणि सुखदेव यांच्यासमवेत ते फासावर गेले. पुढे खेडचे नाव राजगुरूनगर झाले. गावावरून माणसाला नाव पडते हा नियम. येथे माणसावरून गावाला पडले. एका राजाने गुरूला दिलेली पदवी दोनशे वर्षांनी दुसऱ्या एका राजाच्या राज्याविरुद्ध उभी राहिली आणि आता ती एस.टी.च्या पाटीवर आहे.

वर्तुळाच्या बाहेरचे, पण येथे आलेच पाहिजे असे एक नाव फुल्यांचे. घराणे मूळचे सातारा जिल्ह्यातील कटगुणचे, आडनाव गोऱ्हे. पुण्यास येऊन पेशव्यांकडे फुले पुरविण्याचा धंदा केला आणि लोक फुले म्हणू लागले. जोतीरावांपर्यंत गोऱ्हे पार मागे पडले होते. इंग्रजांचा स्मिथ सहा-सातशे वर्षांपूर्वी जसा झाला, तसे हे आडनाव आपल्या जवळजवळ डोळ्यांदेखत झाले.

आता ज्यासाठी हे सगळे लिहावयास बसलो त्या गोष्टीकडे येतो.

वीस-बावीस वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या बाजूला बांधकामे जोरात होती, आणि जून महिन्यात एक मजूर आपल्या मुलाला घेऊन शाळेत आला. बाहेर पाऊस, माझ्यापुढे पालकांची रांग. मुलाचे नाव लिहिले, बापाचे लिहिले. 'आणि पुढे?' मी विचारले. त्याला वाटले, गाव विचारतो आहे. म्हणाला, 'उदगीरचे, गुरुजी.' मी मान वर न करता 'उदगीरकर' लिहिले आणि पुढल्याला हाक मारली. त्याला लिहितावाचता येत नव्हते. त्याने खाली अंगठा उठविला आणि पोराला माझ्या हवाली करून कामावर गेला.

मुलगा हुशार निघाला. आयटीआय झाला आणि एका कारखान्यात लागला. नोकरी पक्की झाल्यावर एका संध्याकाळी तो माझ्या घरी आला. बसला नाही, उभाच. म्हणाला, 'गुरुजी, एक विचारू का? आमचं आडनाव उदगीरकर तुम्ही कुठून आणलं?'

घरचे आडनाव वाघमारे होते. धाकटा भाऊ आजोबांपाशी गावी वाढला. तिकडल्या गुरुजींनी आजोबांना विचारले आणि बरोबर वाघमारे लिहिले. आता दोघे सख्खे भाऊ, एका आईचे, एका पाठीवरले, पण कागदावर एकमेकांचे कोणी नव्हते. धाकट्याच्या जातपडताळणीला थोरल्याचा दाखला चालेना, थोरल्याला वडिलांचा चालेना. दोघांनी मिळून कचेऱ्यांच्या पायऱ्या किती झिजविल्या, ते त्याने सांगितले. रागाने नव्हे. राग असता तर मला बरे वाटले असते.

त्या रात्री मला दोन मुले आठवली, दोन्ही वाचलेली. एक अमेरिकेतले. गुलामगिरी संपल्यानंतर व्हर्जिनियाचा एक निग्रो मुलगा शाळेत गेला. हजेरी घेताना प्रत्येकाला दोन-दोन नावे असल्याचे त्याने ऐकले आणि घाबरला, कारण त्याला एकच होते, बुकर. आपली पाळी येईपर्यंत त्याने ठरविले आणि शांतपणे सांगितले, 'बुकर वॉशिंग्टन'. त्याच्या सावत्र बापाचे पहिले नाव वॉशिंग्टन होते. त्याच्यासारख्या हजारोंनी हेच आडनाव घेतले. अमेरिकेच्या २००० सालच्या जनगणनेत वॉशिंग्टन आडनावाच्या दर दहा माणसांत नऊ कृष्णवर्णीय निघाले. डरहॅमच्या त्या खेड्याचे नाव आज ज्यांनी जिवंत ठेवले आहे, त्यांतल्या बहुतेकांच्या पूर्वजांनी ते खेडे कधी पाहिलेले नाही.

दुसरे मूल आपले. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी शाळेच्या रजिस्टरात 'भिवा रामजी आंबेडकर' अशी नोंद झाली. घराण्याचे आडनाव सकपाळ. मंडणगड तालुक्यातील आंबडवे हे गाव, त्यावरून आंबडवेकर आणि पुढे आंबेडकर. एका प्रेमळ शिक्षकाचे आडनाव लागले, असेही सांगतात. कसेही असो, त्या नोंदीने पुढे काय घडले ते सांगावयास नको. २०१७ सालापासून महाराष्ट्रात तो दिवस विद्यार्थी दिवस म्हणून पाळतात. मीही शाळेत पाळला आहे आणि त्या दिवशी मुलांपुढे रजिस्टरातल्या नोंदीचे महत्त्व सांगितले आहे. ते सांगत असताना माझ्याच कपाटातल्या रजिस्टरात काय लिहून ठेवले आहे, हे मला ठाऊक नव्हते.

ही दोन उदाहरणे मनाशी घोळवून मी स्वतःला थोडे सोडवू पाहिले. पण सुटका होईना. बुकरने आपले नाव स्वतः निवडले. या मुलाला मी विचारलेही नव्हते.

दुसऱ्या दिवशी मी त्याच्याबरोबर शाळेत गेलो. रजिस्टर काढले. माझेच अक्षर, वळणदार, कुठे खाडाखोड नाही. मी लेखी दिले, की नोंद माझ्या हातची आहे, चौकशी न करता केलेली आहे, आणि मुलाचे कौटुंबिक आडनाव वाघमारे आहे. ते पत्र घेऊन तो गेला. त्याने, माझ्या पत्राने आणि तालुक्याच्या गावी घातलेल्या अनेक खेपांनी मिळून जातपडताळणीचे काम सव्वा वर्षाने झाले. दोघे भाऊ कागदावरही भाऊ ठरले.

आडनाव मात्र दोन राहिली. ती एक करावयाची तर राजपत्रात प्रसिद्धी, आणि मग बँक, पॅन, फंड, कारखान्याचा पास, सगळीकडे पुन्हा पहिल्यापासून. मी म्हटले, 'तू वाघमारे करून घे. खर्च मी देतो.' तो जरा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, 'गुरुजी, लाइनवर सगळे मला उदगीरकर म्हणतात. लग्नाच्या पत्रिकेत तेच छापलंय. बायको त्याच नावाची झालीय. आता वाघमारे म्हणून कुणी हाक मारली तर मी मागं वळून बघणार नाही.'

त्याच्या कारखान्याच्या बाजूने जाताना मला हसू येते. आमच्या चाकणच्या पट्ट्यात फाटकाफाटकांवर आडनावेच लटकली आहेत. महिंद्र हे आडनाव. १९४५ साली ती पेढी महिंद्र आणि मोहम्मद होती. फाळणीनंतर गुलाम मोहम्मद पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले आणि १९४८ साली पाटीवर महिंद्र आणि महिंद्र असे दोनदा तेच आले. बेंझ हे मोटार करणाऱ्या जर्मन माणसाचे आडनाव. त्याला जोडलेले मर्सिडीज हे येलिनेक नावाच्या एका व्यापाऱ्याच्या मुलीचे नाव. गाड्यांना ते इतके लाभले, की १९०३ साली बापाने रीतसर परवानगी काढून ते स्वतःच्या आडनावाला जोडून घेतले. मुलीचे नाव बापाने लावल्याचे दुसरे उदाहरण मला माहीत नाही. आपल्या सरकारने २०२४ साली निदान आईचे नाव मध्ये घेतले. १ मे २०१४ नंतर जन्मलेल्या मुलांच्या कागदांवर आता स्वतःचे नाव, मग आईचे, मग बापाचे आणि शेवटी आडनाव.

परवाच्या जूनमध्ये त्याची मुलगी पहिलीत गेली. मी निवृत्त होऊन बरीच वर्षे झाली आहेत, तरी त्याने मला बरोबर नेले. टेबलापाशी एक तरुण बाई होत्या. त्यांनी मुलीचे नाव विचारले, आईचे विचारले, बापाचे विचारले. मग पेन थांबवून, मान वर करून त्याच्याकडे पाहिले आणि म्हणाल्या, 'आडनाव काय लावता?'

'उदगीरकर,' तो म्हणाला. मग मुलीकडे वाकून हळूच पुस्ती जोडली, 'आणि घरचे वाघमारे.'

बाईंनी पहिले लिहिले. दुसऱ्यासाठी रजिस्टरात रकाना नव्हता. शाळेबाहेर आलो तेव्हा मुलीने विचारले, 'बाबा, उदगीर कुठं आहे?' तो माझ्याकडे पाहू लागला. त्यालाही तिकडे जाऊन दहा वर्षे झाली होती. आम्ही तिघे मग रस्त्यापर्यंत आलो, आणि उदगीर लातुराच्या पलीकडे आहे, तेथे मोठा किल्ला आहे, १७६० साली मराठ्यांनी निजामाशी तेथे लढाई जिंकली, एवढे मी तिला चालता चालता सांगितले.